बाबूमामाची दलाली

हसू नका, पण महाराजांचं राज्य होतं तवा मी घर घेतलं ते बैलांच्या दलालाकरवी. मुरगूडच्या बाजारातला आमचा बाबूमामा! दुसऱ्या कुणावर माझा भरवसाच न्हवता की. बैलाचा भाव ठरवत्यात तसा मामानं घरमालक अण्णांचा हात रुमालाखाली धरला, बोटं दाबली आणि सौदा ठरवला.

खरेदीखत लिहिणाऱ्यानं विचारलं, "मामांची दलाली कुणी द्यायची?"

"विकणाऱ्यानं," मामा म्हणाला. "बाजाराचा रिवाजच हाय."

अण्णा भडकले. "हे घर हाय, बैल न्हवं! ज्याचा दलाल त्यानं द्यावी."

मीही हट्टाला पेटलो. सौदा मोडायला आला.

मग मामाच म्हणाला, "पैका ऱ्हाऊ द्या. बैल इकला की मालकीणबाई त्याला ओवाळून पुरणपोळी चारत्यात. तेवढा रिवाज पाळा, आन् तसं खतात लिवा."

"एवढंच व्हय? लिवा की!" अण्णा हसले.

ताब्याच्या दिवशी अण्णांच्या मालकिणीनं उंबऱ्याला ओवाळलं, डोळं पुसलं आणि पोळी हातात धरून विचारलं, "आता घराला चारू कशी? त्याला तोंड कुठं हाय?"

बघतो तर मामा उंबऱ्यावर मांडी घालून, आ वासून तयार! पोळ्यांची दुरडी संपली, तवा कुठं मला माझ्या घरात शिरायला वाट मिळाली.