बाबांचा डेस्कटॉप

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेली एक बाई, शेजारी बसलेल्या बापलेकांची जुंपली तशी, ठणकणारी दाढही विसरली.

“कुणाला विचारून बदललास माझा डेस्कटॉप?”

“बाबा, कॉम्प्युटरची लिनक्स सिस्टीम तीच आहे. फक्त स्क्रीनचं रूप नवं, एकदम सुटसुटीत.”

“डोंबलाचं सुटसुटीत! खालची पट्टी गायब, मेनू गायब!”

“माउस वरच्या कोपऱ्यात न्यायचा. सगळ्या खिडक्या आपोआप समोर येतात.”

“हात थरथरतो ना माझा! न नेताच जातो तो कोपऱ्यात. एक फाइल उघडेपर्यंत सगळ्या खिडक्या थयथयाट करतात!”

“मग मला हाक मारायची. मी आहे की घरात.”

“अरे शहाण्या, जुन्या डेस्कटॉपवर मला कुणालाच हाक मारावी लागत नव्हती!”