करकरणारा दोर

तरंगत्या हॉटेलात न्याहारीच्या रांगेत उभ्या मास्तरांनी पुढच्या जोडप्याकडे कान लावले होते.

“अहो, दोन दिवस सासूबाईंपासून लांब, निवांत झोपायला आलोय ना आपण?”

“मग झोपलीस की! दोर करकरत होता, मीच सोडला.”

“कुठला दोर?”

“हॉटेलचा, काठाला बांधलेला.”

“अगंबाई! म्हणून खिडकीतून आपलं घर दिसतंय होय?”

“वाहत आलो जरासे. आई फाटकात उभी आहे बघ.”

“खाली वाका! पाहिलं का त्यांनी?”

“पाहिलं. दोर धरलाय तिनं.”

“सोडायला सांगा ना!”

“आता कसली सोडतेय? फाटकाला बांधलासुद्धा. म्हणतेय, आलाच आहात तर सगळेजण पाय पुसून आत या.”

मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि चपला काढल्या.