आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे

…आणि वर तो वीजखात्याचा साहेब मलाच दम देतो! मला! ज्याच्या प्रश्नांनी रेडिओवर भल्याभल्या मंत्र्यांना पळता भुई थोडी होते, त्या मला म्हणतो कसा, "तुमच्या मातोश्रींना आवरा! रोज आमच्या तक्रारीच्या नंबरावर फोन करतात आणि आमचा माणूस बोलायला आला की ठेवून देतात!" म्हटलं, अहो, वीज गेली असेल. "कुठली जातेय! वायरमन पाठवला, तर त्याच्याकडून पंखा पुसून घेतला आणि परत धाडला!" आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, त्या नंबरावर आधी जी टेप लागते ना, तो आवाज माझा. बातम्या वाचून वाचून असा काही खर्ज लागलाय… जाऊ दे, आपल्याच तोंडाने काय सांगायचं! तर त्या लोकांनी गळ घातली, मीही चढलो हरभऱ्याच्या झाडावर आणि स्टुडिओत बसून अगदी लोण्यासारखं बोललो, "नमस्कार! आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया फोन ठेवू नका." वर चहा प्यायलो आणि विसरलो. यात काय चुकलं?

गेलो तडक आईकडे. रागातच. बायको म्हणाली, "रागात का होईना, जाताय हे काय थोडं झालं!" बघा, घरचेसुद्धा असे!

म्हटलं, आई, हा काय पोरखेळ? ती शेंगा सोलत होती. मान वर न करता माझी नक्कल करते… हुबेहूब हो! "आई, मीटिंग आहे! आई, बुलेटिन आहे! आई, नंतर करतो, ठेव, ठेव, ठेव!" मग म्हणते, "तिथे कसा चटकन उचलतोस. नमस्कार म्हणतोस. ठेवू नका म्हणतोस. मी कशाला ठेवीन?"

अगं, मग रेडिओ लाव ना, रोज सकाळी असतो की मी!

"तिथे तू सगळ्या जगाशी बोलतोस रे, आणि अर्धा वेळ खेकसतोस. फोनवर मी एकटीच असते."

भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस मी, आणि तिथे खाली बसून तिच्याबरोबर शेंगा सोलायला लागलो! लाज वाटली हो. चुकलं… माझंच चुकलं.

आता रोज बुलेटिन संपलं की हेडफोन काढायच्या आत आईला फोन लावतो. मीटिंग गेली खड्ड्यात! आणि काय? एंगेज! पुन्हा लावतो, एंगेज! शेवटी साहेबाला फोन केला, तर म्हणतो, "हो, आहेत ना लायनीवर, आत्ताच तुमचं नमस्कार झालं." अहो, मग काढून टाका ती टेप! "काढली होती साहेब, एक दिवस. त्यांनी तक्रार नोंदवली! त्यांची पहिली खरी तक्रार… लगेच परत लावली."

मग काय, बसतो थांबून. तिचं त्या गुणी मुलाशी बोलून झालं, की लागतो माझा नंबर.