म्हात्रेचा नारळ

आमचा म्हात्रे माहितीये ना, अंबरनाथ पूर्वेला माझ्यासमोरच राहतो तो? देवावरून आम्ही दोघं जिन्यात इतकं भांडलोय, की बिल्डिंगवाले जिना सोडून लिफ्टने जायला लागले. मी बायबल काढलं, की तो आवाज चढवायचा.

शेवटी माझी बायको वैतागून दारातूनच म्हणाली, "भाऊजी, वाद पुरे. रविवारी आमच्याबरोबर चर्चला चला. प्रार्थना झाली की इडली असते."

म्हात्रे लगेच तयार!

रविवारी जवळच्याच कॅम्प पाच वस्तीतल्या आमच्या चर्चच्या दारात बघतो, तर गडी शेंडीचा नारळ घेऊन उभा. म्हणे, "देवाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?"

मी मनात म्हटलं, आता हा नारळ फोडणार कुठे? मी समजवायला तोंड उघडणार, तेवढ्यात इडलीचं बघणाऱ्या मार्थामावशींनी नारळ हातात घेतला. "बरं झालं आणलात. चटणीला कमीच पडत होता."

म्हात्रे शेवटपर्यंत बसला, इडली खाल्ली आणि घरी गेला. मी म्हटलं, संपला विषय.

पुढच्या रविवारी सकाळीच बेल वाजली. दारात म्हात्रे, आंघोळ करून, इस्त्रीच्या शर्टात, हातात दोन नारळ.

"चल लवकर," म्हणाला, "गेल्या वेळी चटणी पुरली नव्हती."