सरांची फुकट कोथिंबीर

आमच्या सरांचं ऐका. सर म्हणजे रिटायर्ड मास्तर. पंचवटीत माझ्या भाजीच्या गाडीपाशी बसून रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवतात आणि उठताना फुकट कोथिंबीर मागतात. त्या दिवशी एका ठिकाणी अडले.

म्हणाले, "फूल असून देवाला वाहत नाहीत. चार अक्षरं. केतकी शंकराला चालत नाही, पण ती तीनच अक्षरं भरते."

मी म्हटलं, "मी सांगितलं तर फुकट कोथिंबीर बंद?"

सर हसले. "तू चौथी शिकलेली. चल, बंद!"

"फुलकोबी. तुमच्या नाकासमोर ढीग पडलाय, सर."

सरांनी लिहिलं. मग मलाच समजवायला लागले, की फुलकोबीचा गड्डा म्हणजे खरं तर फूलच असतं. मी म्हटलं, "सर, मी ती रोज विकते."

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले. काकू कौतुकानं म्हणाल्या, "काल ह्यांनी अख्खं कोडं एकट्यानं सोडवलं गं!"

मी सरांकडे बघितलं. सर खाली मान घालून वांगी निवडायला लागले.

"हो का? मग सर, आज कोथिंबीर फुकट देऊ?"

"नको, नको," सर म्हणाले. "विकतच दे. दोन जुड्या दे."