कमी वजनाच्या टाळ्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरचे डॉक्टर साहेब, आजच्या सत्कारमूर्ती आहारतज्ज्ञ हर्षाताई, सगळ्या सिस्टर, आणि माझ्यासोबत हप्त्यातून तीनदा मशीनला जुंपल्या जाणाऱ्या दोस्तांनो! मी रऊफ, बाळापूरचा, संत्र्यांचा व्यापारी. बोलताना हे घड्याळ सारखं वर सारतो आहे, ते सैल झालं म्हणून. वेळ पाहून राहिलो असं समजू नका.

ताईंची बदली अमरावतीले झाली. आनंद आहे. पण त्यांच्या जागी कोण येणार, हे मंचावरून अजून कोणी बोललं नाही.

आपल्या अकोल्याच्या या डायलिसिस सेंटरची एक रीत आहे. मशीन लावण्याआधी काट्यावर उभं राहायचं. मधल्या दिवसांत ज्याचं वजन सगळ्यात कमी वाढलं, म्हणजे ज्यानं पाणी आवरलं, त्याच्यासाठी टाळ्या. रीत चांगलीच. त्या टाळ्यांचे कायमचे मानकरी माझ्या शेजारच्या खाटेवरचे जानराव, शेवंतीच्या मळ्याचे मालक. कसं जमत होतं त्यांना? पाण्यासोबत त्यांचं जेवणही सुटलं होतं. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी डाळ कमी करायला सांगितली होती. तेच पथ्य त्यांच्या घरच्या मनकर्णावहिनी नंतरही व्रतासारखं पाळत राहिल्या. ताई परोपरीनं सांगायच्या, की आता मशीन अंगातलं सत्त्वही ओढून नेते, आता डाळ, अंडं पाहिजेच. जानराव हसायचे. म्हणायचे, "काटा तं तेवढाच दाखवते न, ताई?"

एकदा ताईंनी जानरावांचा दंड चिमटीत धरला आणि ताईंचा चेहराच उतरला.

"काका, मांस गेलंय. त्या जागी पाणी भरलंय, म्हणून काटा हलत नाही."

आम्ही त्या दिवशीही टाळ्या वाजवल्या. पोळ्याच्या आधी जानरावांच्या छातीत पाणी भरलं आणि खाट रिकामी झाली. वहिनी समोरच बसल्या आहेत. त्यांनी माणूस उपाशी ठेवला नाही हो, जीव लावला. जीव लावूनही माणूस जाते, मले याचंच भेव वाटते.

अध्यक्ष महोदय, आज सकाळच्या टाळ्या मले पडल्या. जेवण तोंडाले कडू लागते. घरी बायकोनं, बिल्कीसनं अंडं पुढं केलं की मी ताट सरकवतो. सिस्टर खूष, काटा तेवढाच. आणि हे घड्याळ मागच्या ईदले मनगटात रुतत होतं.

ताई, तुमचे उपकार फिटणार नाहीत. माझं काही कमी-जास्त बोलणं झालं असेल तर सगळ्यांनी पोटात घाला. शाल-नारळ नंतर घ्या. आधी इकडं या अन् माझा दंड धरून पाहा.

टाळ्या नका वाजवू कोणी.