तळहाताएवढा पॅच

नाही, पण मी म्हणतो, त्या पाकिटावर स्वच्छ लिहिलं होतं की नाही, 'इस्त्री फिरवा, पॅच चिकटवा'? मग मी फिरवली! माझं काय चुकलं? जाकीट नायलॉनचं आहे हे मला कोण सांगणार, जाकीट तर बोलत नाही... आणि वहिनी बोलल्या तोवर उशीर झाला होता. तुम्हाला सांगतो, इस्त्री उचलली तर पॅच इस्त्रीबरोबर वर, जाकिटाचं कापड पॅचबरोबर वर, आणि मधल्या भोकातून खालचं टेबल दिसतंय! वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, आता टेबलालाच लावा." एका पॅचपायी ऐकून घ्यायचं हे सगळं! तळहाताएवढा पॅच हो, तळहाताएवढा!

कुणासाठी म्हणता? दादासाठी. आमचा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर शाळेत पीटीचा मास्तर. त्याच्या शिट्टीला पोरंच काय, शाळेच्या वाटेवरची कुत्रीसुद्धा उभी राहायची. हल्ली त्याचं जरा... म्हणजे विसरतो तो. चष्मा कुठे ठेवला हे आपण सगळेच विसरतो, त्याचं काय एवढं. दादा घराची वाट विसरतो. मध्ये एकदा सकाळी फिरायला म्हणून गेला तो दुपार झाली तरी पत्ता नाही. मी, वहिनी, आमच्या फिरायच्या कंपूतले वकीलसाहेब, दाताचे डॉक्टर, सगळे चार दिशांना पळतोय. आणि हा सापडला कुठे? गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, भलत्याच शाळेच्या मैदानावर! पोरांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करून "डावीकडून मोज!" चाललेलं. आणि पोरं मोजतायत! तिथल्या मास्तरांना वाटलं, तपासणीला कुणी साहेब आलेत, त्यांनी चहा पाजला. आम्ही हसलो, खूप हसलो. मग ते मास्तर हळूच म्हणाले, "मी त्यांना विचारलं, सर, राहता कुठे? तर नुसते हसले हो, आणि मैदानाकडे हात केला." तिथे वहिनी रडल्या. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून वहिनींची झोप उडाली. दार वाजलं की उठून बसायच्या. खिशात चिठ्ठी ठेवली तर दादा कचरा म्हणून काढून टाकतो. फोन दिला तर तो फोन घरी जपून ठेवून मग बाहेर पडतो. गळ्यात पट्टा घालू म्हटलं, तर असा ओरडला, "मी काय हरवलेली ट्रंक आहे?" बरं, कोंडून ठेवायचं का माणसाला? ज्यानं उभा जन्म उघड्यावर काढला त्याला? नाही जमायचं. मग माझ्याच डोक्यात आलं, जाकीट! ते निळं जाकीट तो उन्हातसुद्धा सोडत नाही. त्यावर एक पॅच लावू, पॅचवर वहिनींचा नंबर. झालं! सोपं! तळहाताएवढा तर पॅच!

सोपं म्हणे! गेलो पॅचच्या दुकानात, म्हटलं, "एक पॅच द्या." तर काउंटरवरच्या बाई सुरूच झाल्या, "कुठला काका? भरतकामाचा, विणलेला, रबराचा, चामड्याचा, छापलेला? काठ शिवलेला हवा की नुसता कापलेला? पाठीमागून कसा, शिवायचा, इस्त्रीचा की वेल्क्रोचा? कपडा कुठला? धुणं हातावर की मशीनमध्ये?" अहो, माझं लग्न ठरवताना मला एवढे प्रश्न विचारले नव्हते! मी म्हटलं, त्यातला सगळ्यांत सोपा द्या. सोपा म्हणून इस्त्रीचा घेतला, तर त्याची कथा तुम्ही ऐकलीच. टेबल अजून चिकट आहे.

मग नवं जाकीट आणलं, निळंच. दादाला पत्ता लागू दिला नाही, जुन्याच्या जागी खुंटीवर टांगून ठेवलं. त्यावर भरतकामाचा पॅच, हातशिलाईनं. दिसायला काय देखणा! पण धागा जाड नि जागा एवढीशी, त्यात दहा आकडे कोंबलेले. आठ, सहा आणि शून्य, तिघंही एकाच आईची लेकरं! म्हटलं, बघू तरी, कुणाला लागतो. मीच पॅच वाचून फोन लावला, तर पलीकडून, "बोला, पंप दुरुस्ती!" म्हणजे दादा हरवला की न्यायला पाना घेऊन पंपवाला येणार!

तिसरा रबराचा. आकडे ठसठशीत, पाणी लागलं तरी हूं की चूं नाही. दादानं जाकीट हातात घेतलं, पॅचवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाला, "मोटारीतलं पायपुसणं माझ्या छातीवर का?" कात्री घेतली, काढला.

चौथा वेल्क्रोचा. हा मात्र बेस्ट, धुताना काढा, वाळलं की लावा. दोन दिवस दादानं अक्षर काढलं नाही. मी आपला खुशीत. आणि तिसऱ्या दिवशी वहिनींना फोन! पलीकडून एक बाई, आवाज हा असा, "आमच्या ह्यांच्या छातीवर तुमचा नंबर कसा काय?" झालं काय होतं... बागेत एक बँकेतले साहेब पळायला येतात, देह भारदस्त, एका फेरीत तीनदा बसतात. त्या दिवशी पठ्ठ्यानं न बसता फेरी पुरी केली. आणि दादानं ते बघितलं. आता दादाची आयुष्यभराची सवय काय, तर शर्यत पुरी करणाऱ्याच्या छातीवर स्वतःच्या हातानं बिल्ला लावायचा! चर्रकन आपला पॅच उपटला आणि लावला साहेबांच्या लोकरी स्वेटरवर, पाठ थोपटली, "शाब्बास!" साहेबांना इतका आनंद झाला की ते तसेच घरी गेले, छाती काढून. पुढं त्यांचं घरी काय झालं असेल ते सोडा, वहिनींनी त्या बाईंना पाऊण तास समजावलं. मधल्या वेळात दादा विनापॅच, अर्थातच हरवलेला, पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. वकीलसाहेबांना दिसला म्हणून बरं.

मी पुन्हा दुकानात. बाईंनी मला बघितलं आणि हसायलाच लागल्या, "काका, परत? कुठला क्लब काढलाय तुम्ही?" आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "क्लब नाही हो. माझा भाऊ घराची वाट विसरतो." बाईंचं हसू थांबलं. त्यांनी सगळे नमुने एका बाजूला सारले. म्हणाल्या, "मग आधी का नाही सांगितलंत? विणलेला घ्या. बारीक धागा, त्यामुळे बारीक आकडेसुद्धा उठून दिसतात. मऊ असतो, टोचत नाही. आणि चारी बाजूंनी शिवून टाका, उपटायला नको." मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "नंबर खाली घेते. वर काय लिहू? त्यांना आवडेल असं?"

बघा! चार पॅच झाले, जाकीट जळलं, एका सभ्य माणसाच्या संसारात आग लागली, आणि दादाला काय आवडेल हे मी त्याला विचारलंच नव्हतं! सगळा विचार रस्त्यावरच्या लोकांचा, त्यांना वाचता येईल का, त्यांना कळेल का. अरे, घालणार तो आहे ना!

गेलो घरी. म्हटलं, "दादा, तुझ्या जाकिटाला एक बिल्ला करतोय. काय लिहू?" दादानं माझ्याकडे असं बघितलं, वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं. "एकट्याला बिल्ला? संघ आहे की नाही आपला? मग बिल्ला सगळ्यांना! नाहीतर कुणालाच नाही." आता या संघात कोण, तर तो, मी, वकील आणि दाताचे डॉक्टर. गुडघे आठ, त्यातले धड तीन. पण दादा म्हणाला म्हणजे म्हणाला. वर 'सकाळचा संघ', खाली वहिनींचा नंबर, असे चार पॅच, चार जाकिटं, चारी बाजूंनी मशीन मारून. पहिल्या दिवशी दादानं आम्हाला रांगेत उभं केलं आणि तपासणी घेतली. "वकील, बिल्ला वाकडा! डॉक्टर, पोट आत!" वकिलांपुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते, ते मुकाट्यानं बिल्ला सरळ करत होते. आणि दादाचा चेहरा... काय सांगू तुम्हाला. फार दिवसांनी तो दादा दिसला मला.

आणि पॅच चालला हो! त्याच आठवड्यात दादा एका बेकरीपाशी घुटमळत होता. बेकरीवाल्यानं पॅच वाचला, फोन केला, दहा मिनिटांत दादा घरी. त्या रात्री वहिनी सलग झोपल्या. मला म्हणाल्या, "भावोजी, माझं जाकीट जाळलंत तरी चालेल आता."

पण सुख असं सरळ येतं का? आता गावाला माहीत झालंय, हा पॅच दिसला की म्हातारा हरवलेला आहे! दाताचे डॉक्टर बाकावर जरा डुलकी काढत होते, तोंड उघडं, त्यांना दोघांनी उचलून वहिनींच्या दारात आणून ठेवलं. वकीलसाहेब पोलिसाला सांगतायत, "मी हरवलेलो नाही, मी वकील आहे!" पोलीस म्हणतो, "हो हो आजोबा, आधी घरी चला." तळहाताएवढा पॅच, आणि सगळ्या संघाची वरात वहिनींच्या दारात!

आणि काल... काल मी. चौकात उभा होतो, गॅस बंद केला का नाही एवढाच विचार करत. एक पोरगी आली, माझा दंड धरला, "आजोबा, घाबरू नका." मी म्हटलं, "अगं, हा पॅच मीच बनवून घेतलाय, माझ्या भावासाठी." ती म्हणते, "हो ना, भावासाठीच." वहिनींना फोन लावला, पत्ता घेतला आणि मला नेऊन उभं केलं दारात. वहिनी शेजारी गेलेल्या, दार दादानं उघडलं.

तुम्हाला म्हणून सांगतो, अलीकडे दादा मला कधी ओळखतो, कधी नाही. परवा मला 'नमस्कार, बसा' म्हणाला होता. त्यामुळे ती पोरगी जेव्हा म्हणाली, "हे रस्ता चुकले होते, तुमच्याकडचेच का?" तेव्हा मी हळूच छाती पुढे केली, निदान पॅच तरी ओळखेल म्हणून. दादानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग पॅचकडे. मग परत चेहऱ्याकडे. आणि म्हणाला, "आमचाच आहे. धाकटा. हा पहिल्यापासून असाच, जरा नजर हलली की भटकला. बरं झालं आणलंस, पोरी." आणि माझा हात घट्ट धरला. "चल आत. आणि आता मला विचारल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, समजलं?"

आता काय करता? म्हटलं, "हो दादा, चुकलं," आणि गेलो आत.